ओसरीवरची पंगत

आमच्या शेजारचे हवालदार इटलीच्या आघाडीवरून परतले ते जवाची बिअर करायला शिकून. लोणंदला शनिवारी संध्याकाळी ते चौघापाचांना जेवायला बोलवत, ग्रामोफोन हळू लावत आणि माठातली गार बिअर पेल्यांत ओतत. "घोट घोट घ्या, गाणं ऐकू येऊ द्या," एवढंच म्हणत. कुणाचा आवाज चढलेला त्यांना खपत नसे.

एका शनिवारी त्यांनी आघाडीवरच्या दोस्ताला बोलावलं. तो महारवाड्यातला. आम्ही जेवायला बसतोय तोच गावातले वडीलधारे दारात आले. "त्याला उठवा, न्हाईतर तुमास्नी वाळीत टाकू," त्यांच्यातले थोरले म्हणाले.

दोस्त उठू लागला. हवालदारांनी त्याला हाताला धरून बसवलं आणि त्याच्याच पेल्यातला घोट घेतला. "आवं, आत बसलं की चोरून जेवल्यागत वाटतं," ते शांतपणे म्हणाले. "आमी भाईर बसतो."

ग्रामोफोन आणि ताटं त्यांनी रस्त्याकडच्या ओसरीवर नेली. बाकीचे पाहुणे मागच्या दारानं निघून गेले. मला भीती वाटत होती, तरी मी माझं ताट उचललं.

गावानं वाळीत टाकलंच. पुढच्या शनिवारी आम्ही तिघंच जेवलो, ओसरीवर, सगळ्या रस्त्यादेखत.