नाथूआबांनी दिलेली ओ

उमरठच्या वरच्या वाडीतल्या नाथूआबांना गप्प बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. जाखडीच्या नाचात गाणारा अडखळला की कडवं मागून हेच पुरं करणार. भिकाजीच्या लग्नात तर भटजींनाच म्हणाले, "जरा मोठ्यानं म्हणा, गोठ्यापर्यंत जाऊ दे!" जन्म गेला डोंगरावर गुरांमागं, तिथं हळू बोलून भागत नाही.

म्हणून नातीनं, सेजलनं, आधीच बजावलं. "आबा, मी हाक मारते, कुणी ओ देत नाय, मग सगळं शांत. नाटकाचा जीव तिथंच हाय. तोंड उघडायचं नाय!"

"नाय गो. तुझी शपथ."

पोलादपूरच्या शाळेतलं ते नाटक. नॉर्वेहून सिग्ने नावाच्या बाई आल्या होत्या. इथल्या मुलांच्या हाका, गाणी ऐकून त्यांनी शाळेतल्या तेजश्रीबाईंच्या मदतीनं संगीतिका बांधली होती. पुढं तीच तिकडची मुलंही करणार होती. संगीतिका म्हणजे भांडायचं तरी गाऊन, पाणी मागायचं तरी गाऊन. "तहानेनं जीव जायचा, पण आलाप संपायचा नाय," असं आबा सांगत सुटले होते, आणि तरी अख्खी वाडी टेम्पोत घालून त्यांनीच आणली होती.

सेजल झाली होती धुक्यात वाट चुकलेली गुराखीण. "कूऽऽऽ!" तिनं हाक मारली.

आता वाडीची रीत अशी, की धुक्यात हाक आली तर हातातलं टाकून ओ द्यायची. भांडण असलं तरी द्यायची. त्या आवाजाच्या रोखानं माणूस घरी येतो. आबांनी टॉवेलचा बोळा तोंडावर दाबला. शेजारी चंपाबाई चुळबुळल्या.

दुसरी हाक आली, बारीक, कापरी.

"कूऽऽऽ रेऽऽ!" आबांच्या तोंडून गेलीच. आणि मग काय, मागून सगळ्या वाडीनं ओ दिली!

साथीची पेटी थांबली. सिग्नेबाई उभ्याच राहिल्या. आबांनी मान खाली घातली. पोरीच्या मेहनतीवर आपणच पाणी फिरवलं.

पुढचं गाणं सेजलनं बसून, रडत म्हणायचं होतं. पण ती आवाजाकडे वळली आणि तेच गाणं म्हणत रंगमंचाच्या पायऱ्या उतरली. पेटीचे सूर धावत तिच्या मागं आले. माणसांतून वाट काढत ती थेट आबांपुढं येऊन थांबली, तेव्हा कुठं टाळ्या पडल्या.

नंतर सिग्नेबाई कायसं म्हणाल्या. तेजश्रीबाईंनी सांगितलं, "त्यांच्याकडेही गुरांना अशाच हाका मारत. आता तिकडच्या नाटकातही लोक ओ देतील म्हणतात. तुमची ओ रेकॉर्ड करून हवी आहे."

आबांचं लक्ष कुठं त्यांच्याकडे? "रागावलीस गो?"

"रागावणार नाय तर काय!" सेजल म्हणाली. "पहिल्या हाकेला का नाय दिलीत? किती भ्याले मी!"

आबांनी श्वास सोडला. मग परतीच्या वाटेवर टेम्पोत जे बोलत सुटले ते वाडी येईपर्यंत. सेजल त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून केव्हाच झोपली होती.