मामाची मांडी

विमानतळावरून माणूस आणायला एक ड्रायव्हर आणि रिकामी गाडी लागते, हे आमच्या वडवणीत कुणाला पटत नाही. मित्र आखातातून तीन वर्षांनी येणार होता. मी गाडी घेऊन त्याच्या दारात गेलो, तर आई-वडील, बहीण, दाजी आणि दोन चुलते नवे कपडे घालून तयार. हातात हार आणि पेढे.

"अन् येताना त्यो बसंल कुठं? टपावर?" मी खेकसलो.

"बसू की दाटीवाटीनं," त्याचे वडील म्हणाले. "पोरगं एवढ्या लांबून येतंय, घरचं कुनी नगं का समोर?"

सात जणांची गाडी निघतानाच भरली. बीड, कडा, नगर, पुणे. रात्री मी गाडी चालवत असलो की मागच्यांनी खुशाल घोरावं, असा माझा लौकिक आहे. तो मीच पसरवलाय, पण खोटा नाही.

बहिणीला मात्र झोप नव्हती. मांडीवरच्या तिच्या पोराचं उद्या जावळ होतं. पहिले केस मामाच्या मांडीवरच कापायचे ही आमच्याकडची रीत. मामाला रजा मिळेना, म्हणून पोराची वेणी पाठीवर आली होती. बाजारात लोक त्याला मुलगी समजत. त्यात ते परक्या पुरुषाकडे जात नसे. मामा फोनवर दिसला की फोनच फेकून देई.

"दादाकडं न्हाई बसलं तर रे? लई आस लावून येतोय त्यो," ती म्हणाली. ती मलाही राखी बांधते, आणि हे पोर माझ्या मांडीवर स्टिअरिंगशी खेळतच वाढलंय. "मग तुझ्या मांडीवर कापू. तू बी मामाच की."

"मान त्याचा हाय. बसंल पोरगं, माझा शब्द." कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

पुण्यात मित्र बाहेर आला. आईनं हार घातला. त्यानं भाच्यासाठी हात पसरले आणि पोरानं भोकाड पसरून माझ्या पायाला मिठी मारली. मित्राचा चेहरा उतरला.

मग जागेचा घोळ. काही बॅगा टपावर बांधल्या, उरलेल्या मागच्या सीटवर बहिणीच्या आणि बाकी सगळ्यांच्या मांडीवर आल्या. मित्राला आई आणि चुलत्याच्या मध्ये कोंबलं. पोराला ठेवायला गाडीत एकच मांडी मोकळी होती, मामाची. ते शिरूरपर्यंत रडलं, मग थकलं. आरशात पाहिलं तर मामाचा शर्ट मुठीत धरून झोपलेलं. पुढचे सगळे गतिरोधक मी फुलासारखे झेलले.

"पाय मेलेत बे," मित्र कुजबुजला.

"मग दे तिच्याकडं."

"गप चालव."

सकाळी अंगणात न्हाव्यानं कात्री काढली. पोर मामाच्या मांडीवर जागं झालं, आणि न्हावी कात्री धरून थांबला. सवयीनं मी हात पुढे केले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मामाच्या छातीत तोंड खुपसलं.

माझा शब्द खरा ठरला. तरी पुढे केलेले हात मागे घ्यायला मला जरा वेळ लागला, हेही खरं. पहिली बट मित्राच्या मांडीवर पडली. त्याचे डोळे वाहत होते. पोराला धरलेले हात त्याला सोडवेनात, म्हणून त्याचे डोळे मीच माझ्या रुमालानं पुसले.