लव्हेलसमोरचा लॅपटॉप

डेट्रॉइटच्या आम्हा डीजेंमध्ये लव्हेल सगळ्यात कट्टर. तबकड्या सोडून लॅपटॉपवर गाणी लावणाऱ्याला तो तोंडावर "बटणदाब्या" म्हणायचा. म्हणून रविवारी गल्लीतल्या बार्बेक्यूला त्याच्यासमोर लॅपटॉप पाहून मी जागीच थिजलो.

"लव्हेल, अरे तू? आणि हे?"

"हात बघ माझे." त्याची बोटं थरथरत होती. "सुई टेकवायला गेलो की तबकडीवर ओरखडाच उठतो. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार."

मी त्याच्या बोटांकडे बघतच राहिलो.

"असा बघतोस काय, गाढवा? या यंत्राला थरथरता हातही चालतो."

त्याने एका गाण्यात दुसरं असं मिसळलं की जोड कळलाच नाही. त्याची बायको अर्लीन ताट ठेवून नाचायला उठली. मला मात्र पाय उचलवेना.