दुसरी वाइन आणि डॉमनिकदादाची भुवई

मी दुबईला निघाले त्या सकाळी पप्पांच्या डोक्याला पट्टी होती, आणि पट्टीतून रक्त झिरपत होतं. वसईतल्या आमच्या विहिरी टँकर लावून उपसणाऱ्यांविरुद्ध त्यांनी पत्रक काढलं होतं. आदल्या दिवशी ते बाजारात वाटताना चौघांनी त्यांना सळीने मारलं. त्या पत्रकांच्या घड्या घालतच मी लहानाची मोठी झाले. विमानतळावर मम्मी म्हणाली, "तिथे तोंड सांभाळ." पप्पा म्हणाले, "सांभाळेल, जेवताना."

गावातले तुम्ही विचारता, दारू वाढायला गेलीस का? होय. दुबईच्या हॉटेलात वाइन वाढायला. राहते मात्र शारजात, एका खोलीत पाच जणी, आणि शारजात दारूबंदी. रोज बसमध्ये ट्रॅफिकला शिव्या घालत, शर्टाला वाइनचा वास घेऊन मी दारूबंदीच्या शहरात झोपायला येते.

वाइन मला डॉमनिकदादाने शिकवली. तो आमचा सीनियर, वसईचाच, बायको आणि मुलीसह शारजात राहणारा. फ्रान्समधली नामांकित घराणी आपल्या निवडक पिंपांतली रेड वाइन मोठ्या नावाने विकतात. निवडीत मागे राहिलेल्या पिंपांची, कोवळ्या वेलींच्या द्राक्षांची होते ती दुसरी वाइन. माती तीच, राबणारे हात तेच, नाव धाकटं. मोठी वर्षानुवर्षं तुरट, तोंड आवळून बसलेली. दुसरी लवकर खुलते, मऊ असते, जिभेवर पिकल्या जांभळासारखी उतरते. मला तीच आवडली. मागे राहिलेल्याला हलकं म्हणायची सवय आपल्याला कुणी लावली, असं मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "पत्रक नंतर काढ, आधी ग्लास पूस."

एका शनिवारी दुपारी एका बड्या असामीने पाहुण्यांसाठी दुसरी वाइन मागवली आणि बाटली रुमालात गुंडाळून ठेवायला लावली, लेबल दिसू नये म्हणून. पाहुण्यांना त्याने मोठ्या वाइनचं नाव सांगितलं होतं. एका पाहुण्याने घोट घेतला आणि मला विचारलं, ही इतकी मऊ कशी? मी सांगितलं, ही त्या घराण्याची दुसरी वाइन, आताच प्यायची असते, म्हणून मऊ.

पाहुणा हसला. यजमान उठला. "तुझसे किसने पूछा?" म्हणत त्याने बाटली मानेला धरून माझ्यावर फिरवली. दादा मध्ये आला. काच त्याच्या भुवईवर फुटली. वाइन आणि रक्त एका रंगाची नसतात, हे मी पांढऱ्या टेबलक्लॉथवर पाहिलं. रक्त उजळ असतं.

मॅनेजर मला म्हणाला, "हबीबी, कुणी विचारलं तर डॉमनिक ट्रे घेऊन घसरला. खलास."

किचनमध्ये दादा डोळ्यावर टॉवेल दाबून बसला होता. "गप्प राहा, पोरी. नोकरी गेली की व्हिसा जातो, मुलीची शाळा जाते. तुझं काय, तू जाशील परत पप्पांकडे."

"दादा, तुझं तू ठरव," मी म्हणाले. "मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

टाके घालणाऱ्या दवाखान्याने कळवलं, पोलीस आले आणि त्यांनी मलाच विचारलं. मी सांगितलं. कॅमेऱ्यातही तेच दिसलं. त्या माणसाला घेऊन गेले. आमच्या नोकऱ्या राहिल्या, पण मॅनेजरने दोघांनाही टेबलांवरून उचलून मागे भांड्यांवर टाकलं. एकाच सिंकवर आम्ही ग्लास धुवायचो. दादा माझ्याशी बोलेना.

मग एका सुट्टीला वहिनीने जेवायला बोलावलं. मुलीने दारातच विचारलं, "आर यू द वन हू टोल्ड द पोलीस?" मी हो म्हणाले. दादाची भुवई अजून सुजलेली. टीव्हीवरची नजर न हलवता तो वहिनीला म्हणाला, "तिला वाढ. माशाचं डोकं दे, स्वतःचं नाहीये तिच्याकडे."

घर आठवतं का, विचारता. आठवतं. पण इथेही माझ्यावर चिडलेलं एक माणूस आहे, आणि त्याच्या घरात माझं ताट आहे.