आमच्या कॉलनीतले दोन दुष्ट

एकेकाळी मी सासूला उपाशी ठेवायची. दर आठवड्याला, संध्याकाळी, अख्ख्या महाराष्ट्रासमोर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाशिकला घराघरांत टीव्ही यायला लागले होते आणि माझ्यासारख्या हौशी नाटकवाल्या शाळामास्तरणीला तेरा भागांच्या एका मराठी मालिकेत खाष्ट सुनेचं काम मिळालं होतं. त्यातल्या माझ्या दिराचं काम आमच्याच कॉलनीतल्या एका कारकुनाकडे होतं. आम्ही दोघं एकाच ग्रुपमध्ये नाटकं करायचो, दिग्दर्शकाने दोघांनाही एकदमच उचललं. मालिकेत मी सासूला शिळं वाढायची, कधीकधी तेही नाही. दीर तर जमिनीसाठी सगळ्यांत थोरल्या भावाला विहिरीत ढकलायचा. भाऊ वाचला, ती गोष्ट वेगळी. आता जास्त वाईट कोण, ते तुम्हीच ठरवा.

कॉलनीने ते दुसऱ्या भागातच ठरवून टाकलं. गणपतीत बक्षिसं वाटायला कारकूनसाहेब. पोरं त्यांना रस्त्यात अडवून म्हणायची, काका, एकदा डोळे वटारून दाखवा ना. काकाही लगेच दाखवायचे, हौस दांडगी. गोदावरीकाठी, गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात एका भाजीवालीने त्यांच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी उगीचच कोंबली. "भाऊ, लय भारी काम करता." मी तिच्यासमोरची मेथी उचलली, तर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणते, "सासूला घालतीस का ही, का एकटीच खातीस?" मी मेथी खाली ठेवली आणि तणतणत घरी आले.

हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. त्याऐवजी वाट्या सुरू झाल्या. माझ्यासाठी नव्हे, माझ्या खऱ्या सासूसाठी. शेजारच्या बायका पदराआडून अळूवडी आणायच्या, सांज्याची पोळी आणायच्या आणि सासूबाईंच्या कानाशी लागायच्या, "खाऊन घ्या हो, ती यायच्या आत." ती म्हणजे मी, दोन हातांच्या अंतरावर स्वयंपाकघरात कणीक मळत असायची.

सासूबाई मूळच्या सायखेड्याच्या, खाण्याच्या भारी शौकीन. शूटिंगच्या दिवशी मी पहाटेच्या गाडीने मुंबईला जायची तेव्हा घरचा सगळा स्वयंपाक त्याच करायच्या. आल्यावर मला गरम भाकरी वाढायच्या. पण शेजारीण दारात दिसली की त्यांचा चेहरा असा काही बारीक व्हायचा की मालिकेतल्या सासूने त्यांच्याकडे शिकवणी लावावी. मी कितीदा म्हटलं, "आई, एकदा सांगा ना त्यांना, माझी सून तशी नाही म्हणून."

"सांगंन की," त्या म्हणायच्या. "एवढी अळूवडी खाऊ दे."

मी हसून सोडून द्यायची. मग एक दिवस माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत आली आणि मुलीला दुसऱ्या वर्गात घाला म्हणाली. जिला सासूची दया नाही, ती पोरांना काय माया लावणार, असं तिचं म्हणणं. मुलीला खरंच हलवलं. ती पोर माझ्याकडे पाहत पाहत गेली. त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मला त्यांचा फार राग आला. एका वाक्याला माणसाने किती महाग व्हावं?

शेवटचा भाग बघायला कॉलनी आमच्याकडेच लोटली. हळदीकुंकवाला माझं वावडं असलं, तरी आमच्या टीव्हीचं नव्हतं. कारकूनसाहेब पुढच्या खुर्चीत, बायका सतरंजीवर, सासूबाई मधोमध. मी दाराशी उभी.

आधी दीर आला. भावाच्या पायांवर पडला, दोन हुंदके दिले. भावाने त्याला उठवून छातीशी धरलं, थोरल्या वहिनीने शिऱ्याची बशी पुढे केली. सतरंजीवरच्या बायकांनी डोळे पुसले. "काही झालं तरी रक्ताचं नातं हो," कुणीतरी म्हणालं. "पुरुषमाणूस, जातो तोल."

मग मी आले. सासूची माफी मागायला, भर उन्हात अनवाणी, उंबऱ्याबाहेर उभी, हात जोडून. मालिकेतली सासू आतून कडीला हात लावून विचार करत होती.

"उघडू नको गं बाई," सतरंजीवरून आवाज आला. "आता बरी आठवली सासू." दुसरी म्हणाली, "मरू दे तिकडंच."

सासूने कडीवरचा हात काढून घेतला. बंद दारावर नावं सरकायला लागली आणि बायकांनी समाधानाने उसासे सोडले. मी आपली चहा टाकायला वळले.

मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या उठून टीव्हीपुढे गेल्या होत्या, नावं झाकून, कमरेवर हात ठेवून. "आगं, उघड की दार," त्या टीव्हीतल्या सासूला म्हणत होत्या. "मेल्यानं भावाला हिरीत ढकललं, तो आत बसून शिरा खातोय. आन् माझी सून उन्हात उभी हाय."

कारकूनसाहेब चपला शोधायला लागले. मी चहाचं भांडं हातात धरून तिथेच रडत उभी राहिले, सगळ्या बायकांसमोर, आणि त्या दिवशी मला त्याची जराही लाज वाटली नाही.