ईनबाईंचा पडदा

आमच्या वऱ्हाडात विहिणीला ईनबाई म्हणतात. माझ्या ईनबाई शेगावला राहतात, एका खोलीत. खोली दहा बाय अकराची. एका कोपऱ्यात ओटा, दुसऱ्या कोपऱ्यात देव, आणि मधे जी जागा उरते तिच्यात ईनबाई, त्यांचा मुलगा आणि त्याच्याशी लग्न केलेली माझी एकुलती एक पोरगी. लग्नाआधी खोली पाहिली नव्हती असं नाही. पण मुलगा निर्व्यसनी, लॉजच्या काउंटरवर नोकरी, सासू शांत. आज एक खोली आहे, उद्या दोन होतील, असं आमच्या ह्यांचं म्हणणं पडलं आणि मीही मान डोलावली.

ह्यांनी आंदणात तीन दारांचं लोखंडी कपाट दिलं. मी म्हटलं होतं, अहो, कपाट आत गेलं तर माणसं बाहेर राहतील. पण लोक काय म्हणतील, हा ह्यांचा जुना आजार. चिखलीहून टेम्पो करून कपाट शेगावला नेलं आणि ते जिन्याच्या वळणावर अडकलं. चार माणसं, दोन तास, दारं काढून झाली, आडवं करून झालं, उभं करून झालं. शेवटी घरमालकाच्या हातापाया पडून त्याच्या ओसरीत ठेवलं. मी तिथंच चारचौघांत ह्यांना म्हटलं, याला म्हणतात नाकापेक्षा मोती जड.

बाकी पाहुण्यांनीही काही कमी केलं नाही. भिंतीवरची घड्याळं चार आली. एका खोलीत चार घड्याळं लावायची कुठं, आणि पाहायची कुणी? माणूस भेट देतो ना, तेव्हा स्वतःचं घर डोळ्यापुढे धरून देतो. दुसऱ्याच्या घरात ती वस्तू बसेल कुठं, हा विचारच नाही. मी बावीस वर्षं ब्लाऊज शिवते. माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, आणि पोटच्या पोरीच्या संसाराचं माप मात्र घ्यायचं विसरले. त्याचा मला आजही राग येतो.

पहिल्या दिवाळीला लेक-जावई आले. जावई पाडव्याची रात्र राहून परत गेले, सुट्ट्यांत लॉजवर गर्दी असते. लेकीला भाऊबीजेनंतर पोचवायचं ठरलं होतं. तिच्या चुलतभावांना ओवाळून झालं, फराळाचे डबे तळाला गेले, तुळशीचं लग्न लागलं, तरी ही बाई जायचं नाव काढेना. जावयाचा फोनही येईना. शेजारीण दोनदा विचारून गेली, पोरगी अजून इथंच का म्हणून. मी तिला म्हटलं, तुमच्या घरच्या भाकरी खाऊन राह्यली का? बोलायला बोलले, पण आत येऊन मशीनवर बसले तर पाय चालेना.

शेवटी एक दिवस तिला तुरपाईला बसवलं. बायकांचं मन मोकळं व्हायला हातात सुई आणि नजर खाली लागते, हे मी माझ्या शिवणाच्या ओसरीत बसून शिकलेय. तिनं तीन ब्लाऊजांची तुरपाई केली आणि चौथ्याला बोलली.

“सासू खराब असती तर बरं झालं असतं, आई. भांडून मोकळी तरी झाली असती. त्या चांगल्या हायेत. पण मी ह्यांच्याशी सहा महिन्यांत चार वाक्यं सलग बोलली नाही. काही बोलावं म्हटलं का त्या तिथंच. त्या बिचाऱ्या, भिंतीकडं तोंड करून बसते, मंग मले अजूनच लाज वाटते.”

मग बाकीचंही हळूहळू बाहेर आलं. तिनं नवऱ्याला म्हटलं होतं, वेगळी खोली पाहू. तो म्हणाला, मी मायला एकटी टाकून जाणार नाही. हिनं म्हटलं, मग मीही येणार नाही. त्यावर दोघंही अडून बसलेले. दोन खोल्या घ्याव्यात तर शेगावची भाडी त्याच्या पगारात बसणारी नव्हती, आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं.

मला आधी तिचा राग आला. मग जावयाचा आला. मग लक्षात आलं की पोरगीही खोटी नाही आणि पोरगाही खोटा नाही, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. कुणाची चूक असली की भांडता येतं. इथं भांडायला कुणीच नव्हतं आणि पोरीचा संसार मात्र माझ्या डोळ्यांसमोर मोडत होता.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, ईनबाईंना दिवाळीचं काही दिलंच नाही आपण, एखादा दिवाण देऊ का, खाली सामान ठेवायचा? मी म्हटलं, आता त्या खोलीत फक्त माणसं बाहेर काढून सामान भरायचं राह्यलं, तेवढं करून टाका.

पण ईनबाईंना दिवाळीचं द्यायचं राहिलं होतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली. खोलीला हवा होता एक पडदा, आडवा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एवढी साधी गोष्ट. पण तो द्यायचा कुणाला? लेकीला द्यावा तर सासूला वाटणार, मी यांना अडचण झाले. जावयाला द्यावा तर लाजेनं माझीच मान खाली. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. तो द्यायचा तर ईनबाईंनाच द्यायला हवा होता, आणि त्यांच्याच कामाचा म्हणून.

ईनबाई वाती वळतात. लांब वाती, फुलवाती, पुड्या बांधून मंदिराच्या रस्त्यावरच्या दुकानांत देतात. मी एकदा गेले होते तेव्हा त्या भर दुपारी पंखा बंद करून घामाघूम होऊन वळत बसल्या होत्या, कारण पंख्याच्या वाऱ्यानं कापूस उडतो. मला हे आठवलं आणि मी मशीनवरून उठलेच. वारा अडवायला पडदा! यात कुणी कुणाला अडचण म्हटलेलं नाही.

चिखलीला ज्यांच्याकडून मी अस्तर घेते ते दुकानदार चाचा म्हातारे आहेत, पण नजर पक्की. मी म्हटलं, खिडकीला पडदा शिवायचाय, अकरा फूट. त्यांनी गठ्ठा खाली काढता काढता विचारलं, “ताई, अकरा फुटाची खिडकी कोणाच्या घरात हाय?” त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हातातलं पातळ कापड परत ठेवून दिलं. म्हणाले, हे नका घेऊ, आत बल्ब लागला का पूर्ण सावली दिसते. जाड घ्या, आतून अस्तर लावा. अन् वर कड्या लावू नका, सरकवताना खणखण वाजतात, कापडाचे पट्टे शिवा. मग मोजपट्टी लावता लावता एवढंच म्हणाले, “हम नौ लोग दो कमरे में रहे हैं, बेटी. सब मालूम है.” कापड त्यांनी वीतभर जास्तच मोजलं.

मेंदी रंगाचं कापड होतं. घरी आणून मी त्याला अस्तर जोडलं, खाली जड पट्टी घातली, आणि ईनबाईंच्या बाजूनं ओळीनं सात खिसे शिवले. चष्म्याला एक, गोळ्यांना एक, मोबाईलला एक, बाकी वातींच्या पुड्यांना. नुसता पडदा दिला असता तर तो आडोसा झाला असता. खिसे लावल्यावर ती त्यांची वस्तू झाली. लेकीनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, तुझ्या सासूला दिवाळीची भेट, कापूस उडू नये म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि अकरा फुटांची तुरपाई एका बैठकीत करून टाकली. मग म्हणाली, येते तुझ्यासोबत, पण संध्याकाळी परत यायचं. मी कबूल केलं. दुसरं करणार काय होते?

खामगाव येईपर्यंत एसटीत मी काय बोलायचं ते मनात घोकत होते. लेक खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटत होतं, ईनबाईंना एक शब्द जरी टोचला तर संपलं, मग ही पोरगी कायमची माझ्या ओसरीत तुरपाई करत बसणार.

ईनबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला. मी आधी रीतीची साडी दिली, कुंकू लावलं, आणि मग पडदा पुढे करून माझं पाठ केलेलं सुरू केलं. वारा, कापूस, उकाडा, तुमची तब्येत. साखर पेरून पेरून बोलले. ईनबाई ऐकत होत्या. त्यांनी पडदा मांडीवर घेतला, कड उलटी करून पाहिली, अस्तर चिमटीत धरून पाहिलं, सातही खिशांत एकेक करून हात घातला. नंतर घडी उलगडून तो किती लांब आहे ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“ईनबाई, वाऱ्याले अस्तर लागते काय?”

लेक ओट्याशी कप धूत होती, तिचा हात थांबलेला मला दिसला. मी काही बोलणार तोच त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“पाच महिने झाले, मी वाट पाहून राह्यली का कोणी तरी हे करन म्हणून. पोटच्या पोराले मी कोणत्या तोंडानं सांगू, का बाबा, मधात पडदा लाव?”

मग त्या जे म्हणाल्या ते ऐकून मला रडावं की हसावं कळेना. रोज संध्याकाळी त्या मंदिरात जाऊन बसायच्या. आळीतले लोक म्हणायचे, बाईची भक्ती वाढली. “कायची भक्ती! म्हटलं, तो सुटून घरी येईन, दोघं दोन घटका बोलतीन. तं हा शहाणा ड्यूटी सुटली का घरी जायच्या आधी मंदिरात येते, मले घ्यायले. माय अंधारात एकटी कशी येईन म्हणून. रोज! मी इकडून लपून बसली तरी हुडकून काढते.”

आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. ओट्याजवळ पोरगी पाठ करून उभी होती, तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, कोण जाणे, बहुतेक दोन्ही. मग ती आली आणि सासूच्या जवळ, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. ईनबाई तिला म्हणाल्या, “बाई, मले सांगा लागत होतं तुनं.” ती म्हणाली, तुम्हीबी कुठं सांगितलं?

घरमालकाकडून हातोडी आणली. खिळे ईनबाईंनीच ठोकले, स्टुलावर चढून. आम्हाला हात लावू दिला नाही. तार ताणली, पडदा ओवला. देव आणि ओट्याची बाजू त्यांनी स्वतःकडे घेतली, कारण पहाटे उठून काम त्यांनाच लागतं. खिडकी पोरांना दिली. मग त्या आपल्या बाजूला बसल्या, चष्मा पहिल्या खिशात घातला, काढला, परत घातला. पंखा लावला. कापूस खरंच उडाला नाही! ते पाहून तर मला माझंच कौतुक वाटलं, कारण तेवढा भाग मी नुसता थापेसाठी जुळवला होता.

दुपारी दोनला जावई जेवायला आले. बायको आल्याचं त्यांना माहीत नव्हतं. दारातच थबकले. हे काय, म्हणाले.

“हे माह्यी खोली,” ईनबाई म्हणाल्या. “हाक मारल्याबिगर इकडं यायचं नाही. तुह्यी खोली तिकडं हाय. जाय, तिकडं पाहुणी बसली हाय.”

ते चपला तशाच पायात ठेवून पडद्याआड गेले. आम्ही दोघी इकडे एकमेकींकडे पाहत बसलो. एवढ्याशा खोलीत कापडाच्या पलीकडचा श्वासही ऐकू येतो, अस्तर काही आवाज अडवत नाही. ईनबाईंनी मला डोळ्यानं खुणावलं आणि एकदम मोठ्यानं विचारलं, लिंबाच्या लोणच्यात तुम्ही साखर घालता का गूळ? मी त्यांच्याहून मोठ्यानं म्हटलं, गूळ! त्या म्हणाल्या, गुळानं काळं पडते. मी म्हटलं, पडू दे, चव तर येते. मी जन्मात लिंबाच्या लोणच्यात गूळ घातलेला नाही, पण त्या दिवशी अर्धा तास गुळाची बाजू घेऊन अशी भांडले की खालून घरमालकीण पाहायला आली. आमच्या त्या गोंधळाखाली पलीकडे जावयाचा हळू आवाज सुरू झाला होता. मग माझ्या पोरीचा. मग बराच वेळ दोघांचा. जावयाचं जेवण तसंच राहिलं, आणि ईनबाईंनी त्यांना हाक मारली नाही. माझा जीव भांड्यात पडला तो त्या क्षणी.

चार वाजता मी निघाले. लेकीला विचारायचा धीर होत नव्हता. तीच पडदा बाजूला करून बाहेर आली. म्हणाली, “आई, तू जाय. बाबांले सांग, मी आपल्या घरी हाय.”

एसटीत कंडक्टरनं किती म्हणून विचारलं. एक, म्हटलं मी. भांडून भांडून आवाज अजून चढलेलाच होता, पुढच्या सीटवरची बाई वळून पाहायला लागली. पाहू दे म्हटलं. बाजूची सीट रिकामी होती, तिच्यावर मी पिशवी ठेवली आणि खामगावपर्यंत मस्त झोपले.