बावचीचं तेल

मी काळी. सावळी म्हणून कुणी उगाच गोड बोलू नये. मी लई काळी, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते आत्याला. निजामाच्या राजवटीतली गोष्ट. अणदूरला आमचा तेलाचा घाणा होता, आणि पंधरा दिवसांवर मला बघायला नळदुर्गची माणसं येणार होती. आत्या म्हणाली, "तेल्याच्या घरची पोर आन् तोंडाला तेज न्हाय! लोक तोंडात शेण घालतील."

हकीम कातडीच्या डागांवर बावचीचं तेल देतो, एवढं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. मग काय! तिळात बावचीच्या बिया मिसळून आमच्याच घाण्यात घातल्या, आणि ते तेल माझ्या तोंडाला चोळून मला भर उन्हात बसवलं. मुरायला म्हणे.

तिसऱ्या दिवशी गालांवर फोड आले. ते बसले तिथं काळेकुट्ट चट्टे उठले. हकिमानं कपाळाला हात लावला. "अरे, हे कोडवाल्यांचं तेल! पांढऱ्या डागावर रंग परत यावा म्हणून देतो मी." मी रडले, खोटं कशाला सांगू? आरशात बघवेना.

पाहुणे आले त्या दिवशी आत्यानं विभूती आणली. कपाळावर लावतेस तशी गालांनाही चोळ, चट्टे झाकले जातील, म्हणाली. तिथं माझं डोकं फिरलं.

"विभूती शिवाची हाय आत्या, तुमची लाज झाकायला न्हाय."

तोंड धुतलं आणि तशीच बाहेर गेले.

मुलाच्या आईनं विचारलं, "तोंडाला काय झालं गं?"

"गोरी करायला तेल लावलं होतं. आता लावणार न्हाय. पटत असंल तर बघा."

चहाला हात न लावता माणसं उठली.

"केलंस वाटोळं!" आत्यानं हंबरडा फोडला. मग डोळे पुसून तिनं माझ्या नऊ वर्षांच्या बहिणीला हाक मारली. तीही माझ्याच रंगाची. हैदराबादेहून मागवलेली बदामाच्या रोगनाची, म्हणजे तेलाची, बाटली काढून आत्या म्हणाली, "हिला आत्तापासनंच लावू. हिचं तरी नीट हुईल."

पोर निमूट गाल पुढं करून बसली. मी बाटली हिसकावली आणि सगळं रोगन घाण्याच्या बैलाच्या शिंगांना चोळलं. आत्या शिव्या देत राहिली.

"मग माझं लग्न, अक्का?" बहिणीनं भीत भीत विचारलं.

"न होईना का," मी म्हणाले. "तोंड तुझं हाय. ते कुणाला खरवडू द्यायचं न्हाय."